उलटवलेला कट

त्या ॲनिमेशन स्टुडिओत सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. चाळीस जणांनी काढलेली हजारो चित्रं काकांच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसत. कुणाच्या कोटाला एक बटण कमी, कुणाचा चहा एका चित्रात भरलेला आणि पुढच्यात रिकामा, गर्दीतल्या कुणाला सहावं बोट, सगळं त्यांच्या नजरेला पडायचं. मग लाल पेन्सिलीने गोल करून ते चित्र स्वतः चित्रकाराला नेऊन द्यायचे, तेही चारचौघांत, म्हणजे त्याची व्यवस्थित शोभा होईल. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक बाहेर गेली नव्हती. हे ते स्वतःच दर आठवड्याला सांगत, त्यामुळे स्टुडिओत ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणात हे वाक्य आधी कोण म्हणणार, यावर पोरांच्या पैजा लागल्या होत्या.

सध्या काम चाललं होतं ते जादूच्या शाळेवरच्या एका ॲनिमे मालिकेचं. गोष्ट स्पर्धेपर्यंत आली होती. चौसष्ट विद्यार्थी, दोघादोघांची झुंज, हातातली छडी पडली की बाहेर. नायिकेला स्टुडिओत नुसतं 'पोरगी' म्हणत. ही पोरगी प्रत्येक फेरी रडतखडत जिंकायची. कधी नशिबाने, कधी समोरच्याच्या गाढवपणाने. तिच्यात काही दम नाही, असं तिच्या शिक्षकांचं मत, आणि प्रेक्षकांचंही तेच व्हावं अशी सोय केलेली. खरी गंमत पुढेच होती. पोरगी होती डावखुरी. त्या शाळेत डाव्या हाताने जादू करायला बंदी, म्हणून पहिल्याच वर्षी तिला उजव्या हाताची सक्ती झालेली. सोळाव्या, शेवटच्या भागात, अंतिम सामन्यात, हरता हरता ती छडी डाव्या हातात घेते. त्या एका क्षणासाठी दिग्दर्शिका मॅडमनी पंधरा भाग दम धरला होता. शेवट कुणाला, अगदी घरीसुद्धा, सांगायचा नाही अशी ताकीद होती. काकांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलेला होता: 'सोळाव्या भागापर्यंत छडी उजव्याच हातात.' तो कागद काकांनीच लिहिला होता.

शुक्रवारी दुपारी काका सोळाव्या भागातला तोच क्षण तपासत होते. छडी या हातातून त्या हातात जाते, अठरा चित्रं. चित्रं झकास होती. काकांनी बोटांची लांबी पाहिली, मनगटाचा कोन पाहिला, आणि एकदम त्यांचा हात थांबला. त्यांना पंधराव्या भागातला पळण्याचा कट आठवला.

कट म्हणजे चित्रांचा एक सलग तुकडा. पंधराव्या भागात पोरगी कोसळत्या मनोऱ्यातून जीव घेऊन पळते. आधीच्या कटमध्ये ती डावीकडून उजवीकडे पळत होती, पुढच्यात उजवीकडून डावीकडे. बघणाऱ्याला वाटेल, बया परत मनोऱ्याकडेच निघाली की काय! अशा वेळी कट चित्रकाराकडे परत पाठवायचा, हा काकांचाच नियम. पण तो भाग त्याच संध्याकाळी वाहिनीकडे जायचा होता. काकांनी संगणकावर एक बटण दाबून अख्खा कट आरशात दिसावा तसा उलटवला. छातीवरचा बिल्ला आठवणीने पुन्हा जागेवर आणला. केसांचा भांग फिरवला. शाबासकी द्यायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःलाच दिली, आणि सही ठोकली. छडीकडे मात्र त्यांचं लक्षच गेलं नाही.

आता त्यांनी तो कट पुन्हा लावून पाहिला. दीड सेकंद. छडी डाव्या हातात, स्वच्छ दिसत होती. भाग शनिवारी संध्याकाळी सहाला लागणार होता.

काका उठले, पाणी प्यायले, बसले, परत उठले. वाहिनी शनिवारी दुपारी बारापर्यंत बदललेला भाग स्वीकारते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मॅडमच्या दारापर्यंत ते तीनदा गेले. पहिल्यांदा आत कुणीतरी होतं. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, तरी ते दारावरची पाटी वाचून परत फिरले. तिसऱ्यांदा मॅडमच बाहेर आल्या.

"काका, काही हवं होतं?"

"नाही, नाही. खिडकी उघडी आहे का बघत होतो."

"माझ्या खोलीला खिडकी नाहीये, काका."

"तेच म्हटलं, असायला हवी होती."

सांगायला भीती वाटली, दुसरं काही नाही. बत्तीस वर्षं ज्यांना चारचौघांत गोल दाखवले, ते चाळीस चेहरे त्यांच्या डोळ्यांसमोर आले. त्यातला एकही चेहरा दुःखी दिसत नव्हता. काका मूग गिळून घरी गेले.

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झालं. शनिवारी सकाळी पेपर उलटा धरून वाचला. दुपारी बारा वाजले, म्हणजे आता सांगूनही उपयोग नाही, तर वाटलं सुटलो. पण घालमेल दुप्पट झाली. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. साडेचारला बायकोने लाटणं खाली ठेवलं.

"पायांना चाकं लागलीत का तुमच्या? माझी फरशी झिजली. लेकीकडे जा, नाहीतरी ती दर शनिवारी तुमची ती जादूवाली पोरगी बघते. तिच्या फरशीवर घाला येरझाऱ्या."

मुलगी दोन बस बदलून जावं लागेल इतक्या अंतरावर राहायची. काका वर्षातून चारदा जात, तेही कारण असलं तर. भांडण काही नव्हतं. बापलेकीत बोलणं व्हायचं ते तब्येतीचं आणि नातीच्या शाळेचं, दहा मिनिटांत संपायचं. मुलीचा विषय निघाला की काका एक गोष्ट अभिमानाने सांगत: तिचं अक्षर मोत्यासारखं आहे, आणि ते वळण मी स्वतः रोज संध्याकाळी शेजारी बसून लावलंय.

पावणेसहाला ते पोचले. मुलीने भुवया उंचावल्या. सात वर्षांची नात आजोबांना ओढत टीव्हीसमोर घेऊन गेली. मुलगी खुर्चीत धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती, एक डोळा घड्यांवर, एक पडद्यावर. भाग सुरू झाला. काका सोफ्याच्या टोकावर टेकले होते. गुडघा हलत होता. सामना झाला, मनोरा थरथरला, दगड कोसळायला लागले. आता येणार. आता आला. गेला.

नात टाळ्या पिटत होती. काकांनी श्वास सोडला.

"थांब जरा, मागे घे," मुलगी म्हणाली. तिने रिमोट घेतला, कट मागे नेला, थांबवला. पडद्यावर पोरगी एक पाय हवेत धरून उभी राहिली. "छडी डाव्या हातात आहे."

बत्तीस वर्षांत म्हटलं नव्हतं ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. "चूक आहे ती. माझी चूक." आणि मग थांबताच येईना. दिशा, बटण, बिल्ला, भांग, खिडकी नसलेली खोली, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. "सोमवारी मॅडमना सांगावं लागणार आहे. सगळ्यांसमोर."

"मला चूक नाही वाटली," मुलगी म्हणाली.

"अगं, सगळ्या गोष्टीचं गुपित फुटलं त्यात! ती डावखुरी आहे हे आत्ता कळायला नको होतं."

"ते मला तिसऱ्या भागातच कळलं होतं. कप उचलताना कशी अडखळते ती. आणि इथे तर जीव घेऊन पळतेय, बाबा. तेव्हा कोण लक्षात ठेवतं उजवा का डावा? घाईत आपला खरा हातच पुढे येतो. माझा येतो की."

"तुझा? अजून?"

"मग काय, तुम्हाला वाटलं गेला?" तिने नातीचा फ्रॉक उचलला, झटकला. "परवा दूध उतू जात होतं तेव्हा आलाच."

काका तिच्या हातांकडे बघत राहिले. दुसऱ्यांच्या हातांची इतकी चित्रं तपासली, पण लेकीचे हात गेल्या तीस वर्षांत त्यांनी नीट पाहिलेच नव्हते. डावा हात घडीवर सफाईने फिरत होता. उजवा नुसता कापड धरून होता.

"रुमाल मीच बांधायचो," ते म्हणाले.

"हो. निळा होता, चौकटींचा. खुर्चीच्या दांडीला बांधायचात हा हात. आणि गाठ मारून झाली की मध्ये बोट घालून बघायचात, रुतत नाही ना म्हणून." तिने फ्रॉकची बाही सरळ केली. "रोज तपासायचात."

पडद्यावर पोरगी अजून हवेत पाय धरून उभी होती. काकांना खूप लाज वाटली. कालची लाज चाळीस माणसांची होती. ही एकाच माणसापुढची होती, आणि ती सोसवेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझ्या वेळी चुकलं."

मुलीने फ्रॉकची घडी मोडून परत घातली. मध्येच नातीला कंटाळा आला.

"आजोबा, शेवटच्या सामन्यात ती जिंकते का?"

घरीसुद्धा सांगायचं नाही, हा नियम काकांनी बत्तीस वर्षं पाळला होता. त्यांनी नातीकडे पाहिलं आणि मग तिच्या आईकडे.

"हरते," ते म्हणाले. "थोडक्यात हरते. पण डाव्या हाताने खेळून."

नातीचा चेहरा पडला. मुलगी घड्या घालायची थांबली होती.

"चालेल," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी या. आपण बघू."