नर्सबाईंचा चहा

चहाला नाही म्हणून आमच्या आष्ट्याकडं कुणाचा मान राहत नाही. नर्सबाई मात्र कैक वर्षं नाही म्हणत आल्या आणि उभं गाव त्यांच्या धाकात राहिलं. पांढरी साडी, पुरुषी छत्री आणि पिशवीत बाळं तोलायचा स्प्रिंगचा काटा. बाळंतिणीच्या घरी त्या पुढच्या दारानं कधी आल्या नाहीत, गोठ्यातून यायच्या. पुढचं दार पाहुण्यांसाठी झाडलेलं असतं, घर कळतं ते मागनं, असं त्यांचं म्हणणं. आल्या की बाळंतिणीच्याच जुन्या लुगड्याची झोळी करून बाळाला काट्याला टांगायच्या आणि काटा थांबेस्तोवर घरादाराला श्वास धरून उभं करायच्या. एकदा खुद्द सरपंचांना नातवाच्या वजनाच्या वेळी शिंक आली, तर त्यांना अंगणात घालवलं होतं. आणि बाळ वाढीला लागल्याशिवाय त्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा नेम. त्यामुळं गावात बाळ कसं आहे असं कुणी विचारायचंच नाही. बाईंनी चहा घेतला का, एवढंच विचारायचे. रजेवर आलेल्या एका फौजीनं मिलिटरीच्या डब्यातला वेलदोड्याचा चहा पुढं केला, तर म्हणाल्या, "ह्यो वास काट्याला दावा. काटा हालला तर पिते."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी आजही छाती काढून सांगतो. पण माझी थोरली जन्मली तेव्हा ती पदवी उंबऱ्याच्या आत चालेना. पोर ओंजळीत मावेल एवढी, रडायचंही त्राण नाही. आणि आईनं रिवाजाप्रमाणं पहिलं दूध पिळून टाकायला लावलं. तीन दिवस नुसतं गुळाचं पाणी द्यायचं, असा तिचा हुकूम. ते दूधच औषध असतं, असं मी वाचलेलं सांगू लागलो, तर आई म्हणाली, "तू बी.ए. झालास, बाळंत न्हाई झालास."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई गोठ्यातून आल्या. आमची म्हैस नुकतीच व्यायलेली, आई रेडकाचं तोंड कासेला लावत बसलेली. बाई तिथंच टेकल्या. रेडकाला चीक पाजताय व्हय, म्हणून सहज विचारलं.

"पाजाय नको? न्हाईतर मरंल की त्ये," आई म्हणाली.

घरातून माझ्या पोरीचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. आईचा हात रेडकाच्या पाठीवर तसाच राहिला. मग ती उठली, हात धुतले आणि आत जाऊन स्वतः पोरीला माझ्या बायकोच्या छातीशी लावलं.

त्यानंतर बाई येत राहिल्या, काटा टांगत राहिल्या आणि आईचा चहा निवत राहिला. आई चिडून म्हणायची, आमच्या घरचा चहा काय विटाळाचा हाय? पण बाईंची छत्री दिसली की आधण मात्र ठेवायचीच. एका दुपारी बाईंनी काटा निरखला, पोरीला झोळीतून काढून आईच्या मांडीवर दिलं आणि म्हणाल्या, "आवं आत्या, साखर जरा जास्त टाका." आईनं चुलीकडं तोंड फिरवलं, आणि धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून किती वेळ पदर लावून बसली.

पुढं बाईंची बदली कोयनानगरला झाली. निरोपाच्या दिवशी त्या घरोघरी चहा पीत हिंडल्या. फक्त वरच्या आळीतल्या एका घरी घेतला नाही. तिथलं पोरगं अजून वाढीला लागायचं होतं. जाताना आईला म्हणाल्या, त्या घरचा तेवढा राहिला बघा.

दुसऱ्या दिवसापासनं आई वरच्या आळीला जाऊ लागली. गोठ्यातून. काटा नव्हता, हातानंच तोलायची. घरी येऊन आमच्या चुलीवर चहा करून प्यायची, तिथं घोटभर घेत नसे. आणि मग एका सकाळी मी शाळेवर शिकवायला निघालो, तर आई माझ्याआधी एसटीच्या थांब्यावर उभी. कराडच्या गाडीचा कंडक्टर खाली वाकून तिचं ऐकत होता. कराडात कोयनेच्या गाडीवाल्याला सांग, त्यानं तितल्या दवाखान्यात सांगावं, असं ती पुन्हा पुन्हा समजावत होती.

"काय सांगू पण, आजी?"

"म्हणावं, वरच्या आळीतला च्या मी पिले."