जीपच्या हेडलाइटचा दिवा

लग्न होऊन नागभीडहून कुरखेड्याला आले, त्या पहिल्याच सकाळी चहाखालची शेगडी पाहून मी थबकले. जाडजूड, गोल लोखंड, तळाला भोकं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जीपच्या चाकातला बिरेकचा डिरम आहे. आच चांगली धरते."

जीप अंगणात आंब्याखाली उभी होती. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, लाकूड ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते. इंजिन कायमचं बसलं तेव्हा ठेकेदाराने ती त्यांनाच देऊन टाकली. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. "पावसाळा सरला की चालू करतो," असं मामाजी म्हणत राहायचे, आणि सासूबाई तोवर तिचा एकेक भाग घरात आणायच्या. स्प्रिंगच्या कमानपाट्याचा तुकडा लोहाराकडून विळा होऊन आला होता. विहिरीवरचा पोहरा ट्यूबच्या रबराचा होता. मामाजी नुसते पाहायचे.

मला त्या जीपचा नादच लागला. कामं आटोपली की तिच्याभोवती फिरायची, हे काय असेल, याचं काय होईल, असं मनाशी म्हणत. एका दुपारी हेडलाइटच्या आतली चकचकीत वाटी सोडवून आणली. दिवेलागणीला तिच्यात रॉकेलची चिमणी ठेवली, तर भिंतीवर उजेडाचं मोठं वर्तुळ पडलं. चिमणी जरा मागे सरकवली की वर्तुळ आवळायचं, पुढे घेतली की पसरायचं. मी कितीतरी वेळ तेच करत बसले. पण वाटीचा वरचा भाग काजळीने काळा पडला. पुसला, पुन्हा काळा.

मामाजी दारात उभे होते. "काय करून राह्यली व?"

मी घाबरून म्हटलं, "मामाजी, परत लावून देते."

ते वाटी हातात घेऊन बसले. बोटाने काजळी पुसली. मग म्हणाले, "धुराले जायाले वाट नाई ना. वरून भोक पाडा लागते."

छिन्नी-हातोडी त्यांनीच आणली. भोक पडलं की ती वाटी पुन्हा जीपला लागणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. छिन्नी टेकवून ते थांबले. सासूबाईही चुलीपासून उठून आल्या. मग मामाजींनी घाव घातला.

त्या संध्याकाळपासून तांदूळ निवडायला उजेड पुरू लागला. पुढे धानकापणीत एका संध्याकाळी शेजारच्या वहिनीचा हात विळ्याने कापला, गावातली वीज गेलेली, तर तिच्या घरी आलेल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी टाके घालायला आमचाच दिवा मागवला. मामाजींनी तो स्वतः धरला. टाके होईपर्यंत हात हलू दिला नाही.

जाताना नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, असा एक दवाखान्यात पायजे होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपकडून खडखड आवाज आला म्हणून बाहेर गेले. मामाजी दुसरा हेडलाइट सोडवत होते. मला पाहून म्हणाले, "तो पाना दे बरं इकडे. आन् हे वायपरची दांडी पाह्य, दिव्याले पाय होईन का इचा?"

मी पदर खोचून त्यांच्याशेजारी बसले.