उमेदवार नको म्हणाला

गुरुवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२३, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या जावयाच्या मावसभावाने आमच्या दाराची घंटा वाजवली आणि गळ्यात लोंबणारा टाय पुढे करून विचारले, "काका, हा बांधून देता का?" निवडणुकीची सभा संध्याकाळी होती. मी महसूल खात्यात नोकरी केली आणि त्या नोकरीतला बराच काळ निवडणुका भरवण्यात गेला. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतचे उमेदवार माझ्या टेबलासमोर अर्ज ठेवून गेले आहेत. त्या सर्वांत निवडून येण्यास इतका लायक आणि निवडणूक लढवण्यास इतका नालायक मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. मी टाय बांधून दिला. तो त्याने दिवसभर सोडला नाही. संगणकासमोर बसून पुण्याच्या सहकाऱ्यांशी बोलतानाही तो मरून रंगाचा, स्वतःच्या लग्नाच्या रिसेप्शनचा सूट घालून होता, असे त्याच्या बायकोने मला कुंपणावरून सांगितले.

मलिंगार हे आयर्लंडच्या मध्यावरचे गाव. माझी मुलगी तेथील रुग्णालयात डॉक्टर आहे आणि मी दर वर्षी तीन महिने तिच्याकडे राहतो. हा मावसभाऊ मूळचा नागपूरचा, वयाने तिशीचा, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहणारा. तो ज्या निवडणुकीस उभा होता ती गावातल्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन मंडळाची. त्या मंडळावर दर चार वर्षांनी पालकांनी आपल्यातून एक आई आणि एक वडील निवडून पाठवायचे असतात. पदाला पैसा नाही, मान नाही, बैठकीतला चहासुद्धा स्वतः करून प्यावा लागतो. साहजिकच तेथे कोणी उभे राहत नाही. सभेत सर्व पालक आपापल्या बुटांकडे पाहत बसतात आणि ज्याची नजर आधी वर जाते तो निवडून येतो. अशा निवडणुकीचा याने तीन आठवडे प्रचार केला. मलिंगारमध्ये असे पूर्वी कोणी केले नसावे. लोकांना प्रथम वाटले की तो काहीतरी विकतो आहे.

प्रचाराच्या पत्रकावर त्याला हात जोडलेला फोटो हवा होता. बायकोने सांगितले, "हात जोडलेला फोटो लावलास तर मी माहेरी जाईन. आणि सध्या तिकिटं किती झालीत, बघून ठेव." मग फोटोविना पत्रक निघाले. त्यात पावसात उभे राहणाऱ्या पालकांसाठी छप्पर होते, सायकलींसाठी मांडव होता, डब्यात बिस्किटांऐवजी फळे होती. जो जे मागेल ते हा कबूल करी. एका आईला त्याने खेळाचे मैदान आहे तसे राखण्याचे वचन दिले आणि त्याच दुपारी एका वडिलांना त्याच मैदानात गाड्या लावण्यास जागा देऊ केली. मी हे त्याच्या निदर्शनास आणले. तो म्हणाला, "काका, दोघं एका वेळी थोडीच येणार आहेत?" मी ज्या उमेदवारांना ओळखतो त्यांच्यात हा गुण सार्वत्रिक आहे. फरक इतकाच, की याला रात्री झोप लागत नसे आणि दुसऱ्या दिवशी तो दोघांकडेही जाऊन खुलासा करी.

त्याला झोप न लागण्याचे दुसरे कारण कचऱ्याचे डबे. आमच्या वसाहतीत प्रत्येक घराला वेगवेगळ्या रंगांचे डबे आहेत आणि कोणत्या आठवड्यात कोणता डबा न्यायचा हे ठरलेले असते. गुरुवारी संध्याकाळी तो डबा रस्त्याच्या कडेला ठेवावा लागतो. हा मनुष्य स्वतःचा डबा ठेवून थांबत नाही. रांगेतल्या सर्व घरांचे डबे ओढून बाहेर ठेवतो, कारण कोणाचा विसरला तर पुढे पंधरा दिवस ते त्याच्याच जिवाला लागते. गेल्या वर्षी त्याने एकदा चुकीच्या रंगाचे डबे बाहेर काढले. पलीकडच्या रांगेने ते पाहिले, आपलेच चुकले असे समजून त्यांनीही तोच रंग बाहेर ठेवला, आणि सकाळी गाडी सबंध वसाहतीतून रिकामी निघून गेली. एकही मनुष्य त्याला बोलला नाही. शेजारच्या प्लंबरने फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवून "यू आर ग्रँड" एवढे म्हटले. ग्रँड म्हणजे येथे काहीही. पाऊस ग्रँड असतो, अपघातानंतरची गाडी ग्रँड असते. पण त्या दिवसापासून हा प्लंबरला सख्खा मानू लागला.

त्याचे आयर्लंडवर प्रेम जडले ते मात्र चहामुळे. त्याच्या आईने त्याला असे वाढवले आहे की पहिल्यांदा विचारल्यावर काहीही घ्यायचे नाही. नको म्हणायचे. दुसऱ्यांदा विचारल्यावर पुन्हा नको म्हणायचे. तिसऱ्यांदा समोरच्याने आग्रह केला की "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर" म्हणून हात पुढे करायचा. या शिक्षणापायी तो पुण्याच्या वसतिगृहात अर्धपोटी राहिला आणि एका जर्मन कंपनीच्या मेजवानीतून उपाशी परतला. माझ्या घरीही त्याचे हाल झाले, कारण मला आग्रह करता येत नाही. नको म्हटले की मी भांडे झाकतो. पण प्रचाराच्या पहिल्या दिवशी तो दार वाजवून आत गेला, नको म्हणाला, आणि घरच्या बाईने "अहो, घ्याल हो" म्हणून किटली चढवली. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी केकही. संध्याकाळी तो पोट धरून माझ्याकडे आला. चेहरा मात्र उजळलेला होता.

"काका, हे लोक आपलेच आहेत. नको म्हटलं तर ऐकतच नाहीत."

"मते किती मिळाली?"

"सगळ्यांनी ग्रँड म्हटलं."

"जो उमेदवाराला चहा पाजतो," मी म्हणालो, "तो बहुधा मताच्या बदल्यात पाजतो. म्हणजे मत देत नाही."

"तुम्ही ना काका, यार," तो म्हणाला, आणि हसला.

आता त्याला हे पद कशासाठी हवे होते ते सांगतो. त्याच्या पत्रकात ते कोठेही नव्हते. त्याची मुलगी पाच वर्षांची आहे आणि बोलत नाही. तिला गोंगाट सोसत नाही. सप्टेंबरात ती त्या शाळेत जाऊ लागली आणि वर्गात बाकाखाली कानांवर हात ठेवून बसू लागली. तिच्यासारख्या मुलांसाठी काही शाळांत निराळा वर्ग असतो. थोडी मुले, शांत खोली, शिकवण्यास तयार शिक्षक. या शाळेत तो नव्हता. तो उघडायचा की नाही हे नव्या मंडळापुढे येणार होते. न उघडल्यास तिला दुसऱ्या गावी जावे लागणार होते. एकटा सभासद वर्ग उघडू शकला असता असे नाही. पण तो प्रश्न निघाल्यावर त्या खोलीत बाकाखाली बसणाऱ्या मुलाचा बाप बसलेला असणे आणि नसणे यांत फरक आहे. इतके मी अशा पुष्कळ खोल्या पाहून सांगतो.

मी त्याला विचारले होते, "छपराचे बोलतोस, सायकलींचे बोलतोस. वर्गाचे का बोलत नाहीस?"

तो त्या वेळी आमच्या डब्याचे चाक घट्ट करत होता. मान वर न करता म्हणाला, "पोरीला पुढे करून मत मागू? नाही जमणार काका. आधी निवडून येतो. मग आत बसून बोलतो ना."

मी डबा धरून ठेवला.

संध्याकाळी आम्ही दोघे चालत शाळेत गेलो. त्याची बायको मुलीजवळ थांबली होती. सभागृहात मुलांच्याच खुर्च्या मांडल्या होत्या. मोठी माणसे गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती. मी मतदार नव्हतो, म्हणून मागे रेडिएटरपाशी उभा राहिलो. मरून सुटात तोच एक होता. बाकीचे भिजलेल्या जाकिटांत होते. मुख्याध्यापिकांनी गटाराच्या दुरुस्तीविषयी दोन शब्द सांगितले आणि विचारले, वडिलांपैकी कोणाचे नाव कोणी सुचवते का. सर्वांनी बुटांकडे पाहिले. मग प्लंबर उठला; त्याचीही मुले याच शाळेत होती. भाषणाची सवय नसलेला मनुष्य, मानेपर्यंत लाल झालेला. तो म्हणाला, "मी आमच्या शेजाऱ्याचं नाव देतो. साऱ्या गल्लीचे डबे हाच ठेवतो." लोक हसले, चांगल्या अर्थाने. एका बाईने अनुमोदन दिले. मुख्याध्यापिका याच्याकडे वळल्या आणि विचारले, "तुमची तयारी आहे ना?"

तो उठला. कोटाचे बटण लावले. तीन आठवडे दारोदार फिरलेला तो मनुष्य मान किंचित झुकवून इंग्रजीत म्हणाला, "अहो, नको, नको. माझ्यापेक्षा जाणती माणसं इथं आहेत. त्यांच्यापैकी कुणी आलं तर बरं."

आणि बसला. मला मागून त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. पानावर बसलेला पाहुणा वाढपी पुन्हा येण्याची वाट पाहतो, तसा तो होता. समाधानी, जरासा लाजलेला.

मुख्याध्यापिका अतिशय सौजन्याने म्हणाल्या, "काही हरकत नाही. कोणावरही दडपण नाही. दुसरं नाव?"

प्लंबर ओशाळून खाली बसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने आपल्याच नवऱ्याला कोपराने ढोसले. तो बहुधा तिला घरी न्यायला आला होता. "असू दे," तो म्हणाला, "मी करीन म्हणा." टाळ्या झाल्या. आमच्या उमेदवाराचा हात वर गेला होता, खांद्यापर्यंत. तोवर मुख्याध्यापिका आईच्या जागेकडे वळल्या होत्या, आणि बोलत्या बाईला मध्ये तोडणे त्याला शिकवलेले नव्हते. हात खाली आला आणि टाळ्यांना लागला. सर्वांत शेवटपर्यंत तोच टाळ्या वाजवत होता.

सभा संपल्यावर त्याने खुर्च्या रचल्या. प्लंबर जवळ आला. "माफ कर. सगळ्यांसमोर तुला अडचणीत टाकलं. मला वाटलं होतं तुला हवंय."

"नाही नाही," हा म्हणाला. "यू आर ग्रँड."

परतताना पाऊस नव्हता. नुसता ओलावा होता. त्याने विचारले, "काका, पुन्हा एकदा विचारायला पाहिजे होतं ना त्यांनी?"

"हो."

"चहाला विचारतात."

"चहा त्यांच्या घरचा असतो," मी म्हणालो. "पद घरचे नसते. नको म्हणणाऱ्याला ते देणे यांच्याकडे जुलूम समजतात."

"मग बरोबरच केलं त्यांनी," तो म्हणाला.

निवडून आलेला गृहस्थ बैठकांना नियमित हजर असतो असे माझी मुलगी मला फोनवर सांगते. मंडळाने वर्गाचा प्रश्न जागेच्या अडचणीमुळे पुढे ढकलला. नंतर आणखी एकदा ढकलला. अडचण खरी असेल. आमच्या उमेदवाराची छोटी आता रोज सकाळी सरकारी टॅक्सीने दुसऱ्या गावच्या शाळेत जाते, कानांवर मोठे हेडफोन लावून. टॅक्सी वळणापलीकडे जाईपर्यंत तो फाटकाशी उभा असतो आणि मग कामाला बसतो. पुढच्या खेपेस तो उभा राहणार का, हे मी विचारले नाही. पुढच्या खेपेपर्यंत ती नऊ वर्षांची होईल.

त्या संध्याकाळी तो थेट घरी गेला नाही. छोटी त्या सुमारास झोपत असे आणि दाराच्या आवाजाने उठत असे. शिवाय बायकोला काय सांगायचे हेही ठरायचे होते. माझी मुलगी आणि जावई दोघेही कामावर होते. तो आमच्या स्वयंपाकघरात टाय बांधलेलाच बसला.

"पिठलं-भात आहे," मी म्हणालो.

"नको काका. भूक नाही."

मी भांड्यावर झाकण ठेवले. मग काढले.

"थोडा घे."

"नको, खरंच नको."

"ताट पुढे कर," मी म्हणालो. "वाढतो आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले. ताट पुढे केले. भात त्याने तीनदा घेतला, आणि तिन्ही वेळा मला दोनदा विचारावे लागले. हे काम मला वाटले होते त्याहून अवघड आहे; दुसऱ्यांदा विचारताना आपलाच आवाज परका वाटतो. जाताना त्याने बूट हातात घेतले, आपल्या दाराला हलकेच किल्ली लावली आणि आत गेला.

मी ताट घासून पालथे घातले. खिडकीतून रस्ता दिसत होता. एकाही घराचा डबा बाहेर नव्हता. सर्व जण त्याच्यावर विसंबून होते, आणि तो त्या दिवशी विसरला होता. मी कोट चढवला, त्या आठवड्याचा रंग काळा असल्याची दोनदा खात्री करून घेतली, आणि आमचा, त्याचा, मग ओळीने रांगेतले सर्व डबे कडेला नेऊन ठेवले. प्लंबरचा जड होता; तो शेवटी ओढला.