बुंध्याचे दोन वेढे

दरवर्षी अकरावीच्या वर्गाला मी फळ्यावर एक टेबल काढून देते. टेबलावर एक ठोकळा, त्याला बांधलेला दोर, काठाला कप्पी आणि कप्पीवरून खाली लोंबणारा दुसरा ठोकळा. मग तोंड वर करून सांगते, दोराला वजन नाही समजा, कप्पीला घर्षण नाही समजा. पोरं समजतात. त्यांचं काय जातं?

अकरावीत मीही असंच समजले होते. आमच्या घरात सायन्सला गेलेली मी पहिलीच, आणि तीही थोरल्या भावाच्या जिवावर. मामांनी स्थळ आणलं होतं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, होकार देणारच होते, तेवढ्यात भाऊ आडवा पडला. "दोन वर्सं तरी शिकू द्या तिला. काय वाकडं झालं तर म्या जबाबदार." आप्पांनी ऐकलं, पण बजावून ठेवलं, की पुस्तकापायी घरात काही उलटंसुलटं घडलं तर शिक्षण बंद आणि लगेच लग्न. भाऊ तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी लोहाऱ्याच्या रस्त्यानं पळायचा, दुपारी गोळा फेकायचा. मैदानी चाचणी महिन्यावर आली होती.

हरभऱ्याला पाणी चालू असताना विहिरीतली मोटर बंद पडली. आप्पा मुरुमच्या बाजाराला गेलेले. फोनवर म्हणाले, "मिस्त्री दुपारी येनार हाय, मोटर वर काढून ठिवा. शेजारच्याला हाक मारा. दोघांनी वढायचं, एकानं बाभळीपाशी बसायचं. येढं इसरू नगा."

हे वेढे म्हणजे काय, ते सांगते. विहिरीच्या काठावर लोखंडी चौकटीत कप्पी असायची. मोटरचा दोर तिच्यावरून मागं यायचा, ओढणाऱ्यांच्या हातातून जायचा आणि बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे घेऊन तिसऱ्याच्या हातात पडायचा. मोटर वर येईल तसा सैल झालेला दोर तिसरा आवळत राहणार. ओढणाऱ्यांचे हात सुटले तरी बुंधा मोटर धरून ठेवतो. दोन वेढ्यांच्या जोरावर लहान पोरसुद्धा बैल रोखून धरतं. आमच्याकडं हे कुणी शाळेत शिकत नाही.

शेजारी घरी नव्हते. भाऊ म्हणाला, "म्या वढतो, तू बाभळीपाशी बस." त्यानं एकट्यानं जोर लावला. मोटर हातभर हलली आणि अडली. तिथं मला कंठ फुटला. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी, हौदाच्या भिंतीवर विटेच्या तुकड्यानं गणित मांडायला बसले. मोटरच्या खोक्यावर छापलेलं वजन घेतलं, आम्हा दोघांची वजनं घेतली, चपलांचा घर्षणांक पुस्तकातल्या कोष्टकातून घेतला. उत्तर आमच्या बाजूनं आलं.

"आपुन दोघं म्हंजी टेबलावरचा ठोकळा," मी म्हटलं. "आपुन घसरतच न्हाय. मग झाडापाशी मानूस कशाला आडकवायचं?"

"म्हंजी आप्पा अडाणी, व्हय?" भाऊ हसला. पण माझ्या शिकण्याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कौतुक. त्यानं बुंध्याचे वेढे सोडले.

मोटर पाण्यात असते तोवर हलकी लागते, हे मी धरलं नव्हतं. पाइपात उभं पाणी असतं, तेही धरलं नव्हतं. मोटर पाण्याबाहेर आली तशी जड झाली, पाइपातलं पाणी आमच्या पायांखाली सांडलं, आणि कोष्टकातला घर्षणांक होता कोरड्या डांबरी रस्त्याचा. काळ्या चिखलात आधी माझा पाय घसरला. मी पडले आणि दोर सोडला. पकड बसावी म्हणून भावानं दोर उजव्या हाताला गुंडाळून घेतला होता. तो उभाच्या उभा चौकटीपर्यंत ओढला गेला आणि त्याचा हात कप्पीत सापडला. मोटर खाली पाण्यात आदळल्याचा आवाज मला आठवतो. त्याचा आवाज आठवत नाही.

तर्जनी गेली आणि मधलं बोट गेलं. उमरग्याच्या दवाखान्यात आप्पा आले ते दारातूनच विचारत आले, "येढं मारलं व्हतं का?" मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात भाऊ खाटेवरून म्हणाला, "न्हाय. म्याच कटाळा केला." माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी तोंड मिटलं. ते मिटणं मला फार जड गेलं नाही, हेही इथं लिहिलं पाहिजे.

भरती गेली. तो आता लोहारा ते उमरगा वडापची, म्हणजे सीटमागं भाडं घेणारी, जीप चालवतो. मी शिकले, ज्युनिअर कॉलेजात लागले. गावानं सत्कार ठेवला तेव्हा आप्पा माइकवर म्हणाले, "एकाच घरातली दोन लेकरं. एकीनं नाव काढलं अन् एकाला दोरबी धरता आला न्हाय." लोक हसले. मागं खुर्च्या लावत असलेला भाऊही हसला. मला माझीच किळस आली, आणि तरी अंगावरची शाल सावरत मी दहा मिनिटं भाषण केलं.

आप्पा आता थकलेत, पण ते बोलणं थकलेलं नाही. जीप बंद पडली, पाऊस लांबला, भाजी खारट झाली, कुठूनही निघाले तरी येतात तिथंच. "आळशी मानूस, हात घालवून बसला." परवा जेवताना भावाच्या लेकीसमोर म्हणाले. लेक ताटात बघत राहिली. नंतर भाऊ मला स्टँडवर सोडायला निघाला, तेव्हा वाटेत मी म्हटलं, "दादा, मी आप्पांना खरं काय ते सांगून टाकते."

त्यानं जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"नोकरी लागली त्या दिशी सांगितलं असतंस तर म्याबी चार लोकांत ताठ उभा ऱ्हायलो असतो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आता सांगशील तर आप्पा दोन दिस रडतील, अन् म्या इतकी वर्सं खाल्लेल्या शिव्या फुकट जातील. तुझं मन तेवढं हलकं हुईल. ऱ्हाऊ दे."

त्यानं जीप सुरू केली. त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, सगळ्यात आधी वाटलं ते हे, की सुटले.