स्पीकर चालू, काकी गप्प

मुलीच्या हळदीला बारा दिवस उरले होते आणि माझी वारलेली काकी नव्या लॅपटॉपमधून चकार शब्द काढायला तयार नव्हती.

काकी आमच्या गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला गाणारी बाई. भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण वेळेवर लागते. ती गेली आणि गावात धवला येणारं कुणी उरलं नाही. आता हळदीला डीजे असतो. तो बहुतेक वेळा माझाच असतो, त्यामुळे तोंड वर करून बोलायची सोय नाही. पण मुलगी हटून बसली.

"पप्पा, आजीचा धवला तुमचेकडं हाय ना? मना आयकवा. मी नि बहिनी शिकू, आमीच म्हनू."

होता खरा. सोळा वर्षांपूर्वी, काकीचे पाय थकले तेव्हा, मी तो घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला होता. तो कॉम्प्युटर मिठागराच्या खाऱ्या हवेने खाल्ला. डिस्क आणि सॉफ्टवेअरची सीडी तेवढी वाचली. त्या सॉफ्टवेअरच्या फाइली दुसऱ्या कशात उघडत नाहीत, हे शहाणपण मला तेव्हा कुठलं!

सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढलं. फाइल उघडली, काकीचा आवाज पडद्यावर हिरव्या रेघांनी उमटला. प्ले दाबलं की काटा मुकाट सरकायचा. बाकीची गाणी त्याच लॅपटॉपवर खणखणीत वाजत होती. म्हणजे स्पीकर धडधाकट, काकी तेवढी गप्प. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. जुन्या विंडोजसारखं चालव, असं सांगणारी खूण केली. काही नाही. पनवेलच्या दुकानदाराने एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, ये पुराना कचरा है, फेंक दो." काय फेकायला सांगतोयस ते त्याला समजवायला तोंड उघडलं, तर नुसती शिवीच आली.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सापडलं: आवाज बाहेर सोडायला ते अजून मेलेल्या कॉम्प्युटरचंच साऊंड कार्ड शोधत होतं. नवं निवडलं तर घेईना, कारण रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला तो आकडा, वेगळा. विंडोजमध्ये जाऊन लॅपटॉपचा रेट जुन्या आकड्यावर आणला, लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा नवं कार्ड निवडलं. पंचवीस वर्षं लोकांच्या मंडपात वायरी शोधतोय, आणि घरातली एवढीशी गोष्ट दिसायला नऊ दिवस! स्वतःचाच राग आला.

पोरी वह्या घेऊन बसल्या. काकी गायला लागली. किती स्वच्छ आवाज! खोकला नाही, भांड्याचा आवाज नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. काकीने ओळ म्हटली आणि थांबली. मग दुसरी ओळ, पुन्हा थांबली.

"आजी मदी मदी थांबते कनाला?" मुलीने विचारलं.

धवलारीण ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका ती उचलतात आणि चाल जराशी वळवून तिच्या हातात परत देतात. धवला कुणी शिकवत नाही, मागे बसून तो येतो. काकी त्या बायकांसाठी थांबत होती, आणि बायका नव्हत्या. धवल्याचा अर्धा भाग त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हताच. तो कुठल्याच सेटिंगने येणार नव्हता, आणि तो म्हणणाऱ्या बायकाही काकीपाठोपाठ गेल्या होत्या.

तेवढ्यात काकी गाणं सोडून बोलली. "माझे मागारी कोन बोलंल रं? बायांना बोलव ना आत."

आणि माझा सोळा वर्षांपूर्वीचा हुशार आवाज: "कोन नको काकी. आवाज मिसळतान, रेकॉर्डिंग खराब होतं."

मी स्टॉप दाबलं. पोरींपैकी कुणी काही लिहीत नव्हतं.

"बाहेर मी पन व्हती, पप्पा," मुलगी म्हणाली. "आठ वर्सांची. मना तवा सगला धवला यायचा. तुमी आतून कडी लावली."