सौर आणि सोयर

कुणावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या घराण्याचा गुण. ऐंशीच्या दशकात नागपूरच्या टोकाला आम्ही घर बांधत होतो. स्लॅब पडला आणि गृहनिर्माण संस्थेनं नवा नियम काढला: प्रत्येक नव्या घराच्या गच्चीवर उन्हावर पाणी तापवणारा सौर बंब हवाच, नाहीतर दाखला मिळणार नाही. मे महिन्यात आमच्याकडे नळाखाली हात धरवत नाही, आणि हे पाणी तापवायला सांगतात! बंब विकणारा संस्थेच्या ओव्हरसियरचा साळाच असणार, असं मी बायकोला सांगून टाकलं.

तिला तेव्हा तिसरा महिना होता. आधी दोनदा पोटातलं गेलं होतं, म्हणून आईची सक्त ताकीद होती: पाचवा लागेपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. शेजारीण बायकोशी दोन शब्द जास्त बोलली तरी आई खोकायची.

ओव्हरसियर पाहणीला आला तेव्हा आई गच्चीवरून पाइप धरून प्लास्टरवर पाणी मारत होती आणि बायको खाली दाराशी बसली होती. तो खालूनच म्हणाला, "माय, या घरात सौर येऊन राहिलं का नाही? मले लिहून न्या लागते."

आईला ऐकू आलं सोयर. मूल जन्मल्यावर दहा दिवस पाळतात ते. तिनं बायकोकडे असं पाहिलं की ती बिचारी रडायलाच लागली. मग आई त्याच्याकडे वळली.

"तुमाले कोनं सांगितलं? आत्ता कुठं तिसरा लागला तिले. आन् तुमी काहून लिहून राहिले?"

गवंडी थांबले. शेजारीण कठड्याशी आली. ओव्हरसियर कागदाकडे बघत हळूच म्हणाला, "माय, मी बंबाचं इचारून राहिलो."

मला हसू आलं नाही, भीतीच वाटली. एवढ्या जणांवर संशय घेतला आणि गुपित फुटलं ते राखणारीच्याच तोंडून. आई त्या दिवशी जेवली नाही. पुढे कितीतरी महिने ती बायकोला नजरेआड होऊ देईना.

बंब बसला. त्यावर कुठे साळ्याचं नाव आहे का, हे मी तीनदा पाहिलं.

हिवाळ्यात मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिच्या आंघोळीला त्याच बंबातलं पाणी काढलं. आईनं त्यात कोपर बुडवून पाहिलं, तरी एक पातेलं चुलीवर वेगळं ठेवलंच. मग पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "त्या ओव्हरसियरले सांगून ये. सोयर आलं. घे म्हना आता लिहून."