ही हाय, ही खा

सिस्टरआत्याकडे इंजेक्शन घ्यायला आलेलं पोर "दुखेल का?" असं विचारायचं, तेव्हा ती सुई भरता भरता सांगायची, "दुखणार. लई दुखणार. हात हलवलास तर आणखी दुखंल." पोराची आई रागानं बघायची. पोर मात्र हात ताठ धरून गप बसायचं.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. सोलापुरात एका दवाखान्यात नर्स होती, म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची आणि मी सिस्टरआत्या. तिनं लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "कुणी पसंत केलं न्हाय." मग विचारणाराच ओशाळून चहा संपवायचा. आपल्याबद्दल बोलतानाही तिची जीभ मऊ होत नसे.

मी तिसरीत असताना आईला पुण्यात दवाखान्यात ठेवलं आणि बाबांनी मला आत्याकडे आणून सोडलं. आई तिथंच वारली. मला कुणी सांगितलं नाही. बाबा फोनवर म्हणायचे, "आई बरी होतेय, थोडे दिवस लागतील." आजीही फोनवर म्हणायची, "देवाला सांगितलंय मी, येईल." आत्याला विचारलं की ती म्हणायची, "तुझ्या बापाला विचार." बाबांनी तिच्याकडून न सांगण्याची शपथ घेतली होती, हे मला नंतर कळलं. रोज संध्याकाळी मी पाटी-दप्तर घेऊन गेटपाशी बसायचे. रिक्षा थांबली की उभी राहायचे.

आईबरोबर मी एक सिनेमा पाहिला होता. पंखवाल्या लोकांची एक राणी शेवटी बर्फाच्या दरीत पडते आणि सिनेमा संपतो. मी रडले तेव्हा आई म्हणाली होती, "अगं, दुसऱ्या भागात येईल ती परत." तो दुसरा भाग मे महिन्यात लागला. मी हट्टच धरला. आत्या सुट्टीच्या दिवशी दुपारच्या खेळाला मला घेऊन गेली आणि पडद्यावरच्या राक्षसांकडे पेशंटकडे बघावं तसं बघत बसली.

आणि राणी खरंच परत आली. बर्फ फोडून वर आली. थिएटरात शिट्ट्या झाल्या. मी खुर्चीवर उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, आता आईपण येणार!"

तिनं माझा दंड धरून मला खाली बसवलं.

"तुझी आई येणार न्हाय," ती म्हणाली. "ती मेली. होळीच्या आदीच मेली. ही बाई परत आली कारण हा सिनेमा हाय."

मागच्या रांगेतली बाई पुढं वाकून म्हणाली, "अहो, लहान हाय की ती!"

"म्हणून तर सांगायला लागतंय," आत्या म्हणाली. "मोठ्यांना समद्यांना ठाऊक हाय."

मी बाहेर जायचं म्हटलं. तिनं सोडलं नाही. "हितं अंधार हाय, रड पोटभर. बाहेर ऊन हाय, लोकं बघत्याल." सिनेमा संपेपर्यंत मी रडले. तिनं दंड शेवटपर्यंत धरून ठेवला होता. चार बोटांचे वळ उठले होते.

बाबा रविवारी आले आणि तिला कसाई म्हणाले. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "रोज गेटवर बसत होती पोरगी. आता बसत न्हाय. जा, बघून ये."

मी जेवत मात्र नव्हते. आजारपणात आई पडल्या पडल्या मोबाईलवर सुशीचे, म्हणजे जपानी भाताच्या गुंडाळ्यांचे, व्हिडिओ बघायची आणि बरी झाले की आपण करू म्हणायची. मला तीच हवी होती, दुसरं काही नको होतं. आत्यानं ते काळे शेवाळाचे कागद आणि बांबूची चटई मागवली. चष्मा लावून व्हिडिओ पाहिला. कच्चा मासा पाहिल्यावर म्हणाली, "हे आपल्याला न्हाय जमायचं," आणि काकडी-गाजर चिरलं. इंद्रायणीचा भात शिजवून त्यात व्हिनेगर ओतलं ते जास्तच. गुंडाळी कापायला घेतली तर फुटली. काळ्या चिंध्यांतून भात बाहेर आला. वर तिनं शेंगाचटणी टाकली.

मी एक घास घेतला आणि थुंकले. म्हटलं, "आईनं छान केली असती."

"केली असती. पर ती न्हाय," आत्या म्हणाली. "ही हाय, ही खा."

मग तिनं स्वतः एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. "मेल्याहून मेल्यागत लागतंय," ती म्हणाली, आणि मला हसू आलं. आई गेल्याचं कळल्यानंतर मी पहिल्यांदा हसले. आम्ही दोघींनी ताट संपवलं.

मी पाचवीत गेले तेव्हा बाबांनी दुसरं लग्न केलं आणि ते मला न्यायला आले. मी आत्याच्या साडीला धरून बसले. नव्या आईसमोरच ती म्हणाली, "सोड. हिला आई म्हण. मी तुझी कुणी न्हाय, मी तुला नुसती सांभाळली." दार तिनंच लावून घेतलं. सुट्टीत मी येते म्हटलं की फोनवरून बाबांना सांगायची, "नगं पाठवू. हितं आली की तिकडं रुजायची न्हाय." स्पीकर चालू असायचा. मी ऐकायचे. कितीतरी वर्षं मी तिचं नावसुद्धा काढलं नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि मी कुणाला न विचारता सोलापूरच्या गाडीत बसले. दार उघडलं तेव्हा ती निम्मी झाली होती. "नव्या आईला काय म्हणतीस?" हा पहिला प्रश्न.

"आईच म्हणते."

"बरं. मला पोटात गाठ हाय. पसरलीय. तुझ्या बापाला सांगितलं न्हाय, रडत बसंल."

मी इथंच राहते म्हटलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऱ्हा. पर चांगलं काय बघायला मिळंल असं समजू नको. घाण वास येईल. मी शिव्या दीन. शेवटी तुला वळखणार पण न्हाय."

अकरावीला मी सोलापुरातच प्रवेश घेतला. तिनं सांगितलं होतं, तसंच सगळं झालं.